पूर्ण्यात न पिकलेला भात

पूर्णा, ता. भिवंडी
६ जानेवारी २०२६

विनिता पोरी,

आधी हे ऐक, घरात सगळी खुशाल हायत. तुझ्या बापसाची छाती बरी हाय, वेळेवर जेवतो, वेळेवर भांडतो. तेव्हा घाबरू नको आणि मग पुढचं वाच.

फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घरात फोन एकाचा आणि कान सगळ्यांचे. तुझा भाऊ भावेश स्पीकर लावतो, तुझी आई मध्येच रडायला लागते, आणि तुझा बापूस टीव्हीकडे तोंड करून सगळं ऐकतो. म्हणून तुझी ही आत्या वहीच्या पानावर लिहितेय. दिपाली फोटो काढून पाठवील. धाकटी असली तरी तुझ्या या बहिणीच्या पोटात गोष्ट राहते.

तर झालंय असं. तुझ्या नावानं इन्कम टॅक्सची नोटीस आलीय. धामणकर नाक्यावरचा मनोज, आपल्या सगळ्या घराचे टॅक्सचे कागद करतो तो, शनिवारी स्वतः घरी आला. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला न्हाय, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं हाय. बोलला, विनिताच्या खात्यात तीन वर्षं जे पैसे आले ते कुठून आले ते विचारतात. झालं, भावेशनं डोक्याला हात लावला. परदेशातला पगार पकडला, आता दंड, आता व्याज. तेव्हापासून त्याचं एकच तुणतुणं चाललंय, विनितानं त्या शाळेचा नवा करार करू नये, मार्चमध्ये बाडबिस्तरा घेऊन घरी यावं, म्हणजे पुढची भानगड तरी थांबेल.

तुझा बापूस यावर हो बोलला न्हाय आणि न्हाय पण बोलला न्हाय. उठून अंगणात गेला.

तू तिथे पोरांना इंग्रजी शिकवतेस, पगार घेतेस, त्यावर टॅक्स भरतेस का गो? मला खरं काय ते सांग. आणि सही कधी करायची हाय ते कळव.

तुझी
आक्का

—

खोन केन, थायलंड
८ जानेवारी २०२६

प्रिय आक्का,

तुझं पत्र वर्गाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं आणि पुढच्या तासाला मुलांना एकच धडा दोनदा शिकवला. मुलं भली, दोन्ही वेळा वहीत उतरवून घेत बसली.

टॅक्स भरते का म्हणून विचारतेस. भरते. शाळा दर महिन्याला पगारातूनच कापून घेते आणि वर्षाच्या शेवटी तसा कागद देते. सगळे कागद माझ्या कपाटात आहेत. पण तिकडे भारतातही भरायचा असतो का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इंग्रजीचं व्याकरण शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या पगाराचं एवढंही माहीत नसावं, याची मला लाज वाटते. भिवंडीतल्या शाळेत होते तेव्हापासून माझं रिटर्न मनोजच भरतो. माझं जुनं सिम भावेशकडे आहे, ओटीपी त्याला येतो, घरातल्या सगळ्यांबरोबर माझंही उरकलं जातं. मी आपली निश्चिंत होते.

करारावर सत्तावीस फेब्रुवारीपर्यंत सही करायची आहे. नाही केली तर माझी जागा दुसऱ्याला जाईल, आणि या वयात, या पगारावर, मला पुन्हा कोण बोलावणार? आक्का, तुला म्हणून सांगते, मला इथून यायचं नाही. इथे मी कुणाची मुलगी, कुणाची बहीण, लग्नाची राहिलेली, असली कुणी नाही. सकाळी गेटवर मुलं हात जोडून ‘टीचर विनी’ म्हणतात आणि मी ती असते. पण मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या पगारावर टॅक्स आणि वर दंड बसला, तर मी काय सगळं विकलं तरी भागणार नाही. मग भावेश म्हणतो ते खरंच करावं लागेल.

इथल्या एका मराठी शिक्षिकेनं ठाण्याच्या सीए मनिषाताईंचा नंबर दिलाय. त्यांना आधी नोटीस बघायची आहे. भावेशला मागितली तर ‘टेन्शन नको घेऊ, मी बघतो’ एवढंच. तू दिपालीला मनोजकडे पाठव आणि नोटिशीची प्रत आणि भरलेली रिटर्न्स माग. भावेशला कळू देऊ नको.

विनिता

—

पूर्णा
१४ जानेवारी २०२६

विनिता,

संक्रांतीचा दिवस, तिळगूळ इथेच तोंडात टाकते तुझ्या नावानं.

दिपाली मनोजकडे जाऊन आली. सगळ्या कागदांचे फोटो सोबत हायत. मनोज आधी देत नव्हता, हो जायेगा, हो जायेगा करत होता. मग दिपाली त्याच्या दुकानातल्या खुर्चीवर बसली ती उठलीच न्हाय. गिऱ्हाईकं उभी राहिली तेव्हा दिले.

कागद वाचलेस की तुझं डोकं फिरेल. फिरू दे, पण लगेच कुणाला फोन करू नको. भावेशवर तर अजिबात तोंड टाकू नको. बाकी मी आता काही लिहीत न्हाय.

तुझ्या आईनं तुला विचारलंय की तिथे थंडी हाय का.

आक्का

—

खोन केन
१६ जानेवारी २०२६

आक्का,

माफ कर, मी भावेशला फोन केला. वाट्टेल ते बोलले.

भात. माझ्या रिटर्नमध्ये तीन वर्षं भात पिकलाय. मी घरी पाठवलेला प्रत्येक पैसा ‘शेतीचं उत्पन्न, भात’ म्हणून दाखवलाय. नोटिशीत तेच विचारलंय, आणि विचारणाऱ्याचं काय चुकलं? भात कुणाला विकला त्याच्या पावत्या द्या, बियाणं, मजुरी दाखवा, सातबारा दाखवा. आपल्या पूर्ण्यात, जिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं आणि मानकोलीपर्यंत ट्रेलरची रांग, तिथे! आपला जो एक तुकडा खाडीकडे राहिलाय त्यात भरतीचं खारं पाणी शिरतं. तिथे बगळे सोडून काही उतरत नाही. आणि मी तिथून इतका भात काढला की तीन वर्षं घर चाललं.

मी भावेशला म्हणाले, शेतीला टॅक्स नाही म्हणून हुशारी केलीस, आणि फसल्यावर मला नोकरी सोडायला सांगतोस. चोर म्हणाले त्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि ‘जेवून घे’ म्हणून फोन ठेवला. माझा भाऊ आणि गप्प? तेव्हाच कळलं, अंगाशी आलंय म्हणून बोलत नाही.

आता पुढचं ऐक. मनिषाताईंनी सगळे कागद पाहिले, माझा पासपोर्ट पाहिला, आणि काय म्हणाल्या माहितेय? जो माणूस नोकरीसाठी वर्षातला बहुतेक काळ देशाबाहेर राहतो, त्याच्या बाहेरच्या पगारावर भारतात टॅक्स लागतच नाही. घरी पाठवलेले पैसे म्हणजे नवीन उत्पन्न नव्हे, ते आपलेच पैसे इकडचे तिकडे. भारतातल्या बँकेतल्या ठेवीचं जे थोडं व्याज मिळतं तेवढंच काय ते दाखवायचं. आक्का, म्हणजे लपवण्यासारखं काही नव्हतंच! ‘ती परदेशात शिकवते’ एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर ही नोटीस आलीच नसती.

मी रडले. हसलेही. शेजारची फिलिपिनो बाई सूप घेऊन आली, तिला वाटलं मी आजारी आहे.

अडचण आता एकच उरली. पगार खरा आहे हे माझ्या कागदांवरून दिसतं. पण भात खोटा आहे हे सांगावं लागेल, आणि जमीन बाबांच्या नावावर. म्हणून बाबांनी लिहून द्यायचं की या जमिनीतून विनिताला भाताचं उत्पन्न कधीच झालं नाही, आलेले पैसे तिच्या पगाराचे होते आणि घरखर्चाला वापरले. चार ओळी आणि सही. मनिषाताई म्हणतात, खरं लिहा, हे बंद होईल. फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय.

बाबांना सांग ना. चार ओळीच तर आहेत.

विनिता

—

पूर्णा
२२ जानेवारी २०२६

विनिता पोरी,

तुला सांगितलं होतं ना, भावेशवर तोंड टाकू नको म्हणून? भात भावेशनं लिहिला न्हाय. तुझ्या बापसानं लिहिला. मी तिथे बसले होते, माझ्या डोळ्यांदेखत लिहिला.

तुझ्या बापसाचं छातीचं ऑपरेशन झालं त्याच्या पुढच्या पावसातली गोष्ट. ठाण्याला डॉक्टरला दाखवून आम्ही परत येत होतो. मनोजचा फोन आला की रिटर्नची तारीख जवळ आली, सगळ्यांच्या सह्या द्या. मग रिक्षा धामणकर नाक्यावर थांबवली. त्याच्या दुकानात आपल्या गावचे महादू आणि चिंधू आधीच बसलेले, आपापल्या गोदामाच्या भाड्याचे कागद मांडीवर घेऊन. मनोजनं तुझ्या खात्याचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर विचारलं, चांगदेवशेठ, पोरीच्या खात्यात एवढं आलंय आणि दवाखान्यात गेलंय, हे काय लिहू, पगार?

तू तुझ्या बापसाला ओळखतेस. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये म्हणणारी ही माणसं. महादूनं मान वर केली. तुझा बापूस बोलला, “भात लिही.” मनोज हसला. त्याला काय, त्यानं लिहिलं. पुढच्या वर्षी जुनं बघून नवीन भरलं, तिसऱ्या वर्षी परत तेच. टॅक्स चुकवायचा असता तर मी त्याला तिथेच झापलं असतं गो. त्याला फक्त त्या दोघांसमोर बोलायचं नव्हतं की माझी छाती लेकीच्या पैशानं फाडली आणि लेकीच्या पैशानं शिवली.

भावेशला हे नोटीस आली तेव्हाच कळलं. त्यानं बापसाचं नाव घेतलं न्हाय, तुझ्या शिव्या खाल्ल्या. आता तू त्याचं काय करायचं ते कर.

तुझ्या चार ओळींचं मी मंगळवारी काढलं. तुझा बापूस ताटावरून उठला. बोलला, सरकारी कागदावर मी असं लिहून देणार न्हाय, उद्या तो कागद मनोजच्या टेबलावर पडेल आणि गावभर होईल. दोन दिवस माझ्याशी अबोला धरलाय. म्हणजे माझंच नशीब, दोन दिवस कान शांत हायत. पण मला काळजी वाटते.

आक्का

—

खोन केन
२५ जानेवारी २०२६

आक्का,

भावेशची माफी मागितली. म्हणाला, बाबांचं नाव सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, त्यापेक्षा शिव्या बऱ्या. आणि तरी मी रडलेच. त्यानं मला घरी का बोलावलं तेही कळलं. मी नोकरी सोडली की बाबांना कुणी काही विचारणार नाही, असा त्याचा भाबडा हिशेब.

आक्का, मला भाताचा राग नाही. मला वाटायचं, बाबा गावात सांगत असतील की माझी पोरगी परदेशात शिकवते, तिनं माझा जीव वाचवला. मी मनात असं धरून चालले होते. त्यांनी ते भातात पुरून टाकलं, याचं वाईट वाटतं.

मनिषाताईंना मी विचारलं की माझीच चूक झाली असं लिहून देऊ का, म्हणजे बाबांवर काही येणार नाही. त्या म्हणाल्या, एका खोट्यासाठी दुसरं खोटं मी माझ्या हातानं पाठवणार नाही. खरं पाठवायचं असेल तर या.

म्हणून मी ठरवलंय. बाबांना जबरदस्ती करू नका. छातीचं दुखणं असलेला माणूस आहे, कागदापायी त्यांना काही झालं तर मी इथे टीचर विनी होऊन काय करू? मी करारावर सही करत नाही. मार्चमध्ये येते, जे व्हायचं ते समोरासमोर होऊ दे. शाळेला सोमवारी सांगेन.

तू त्यांच्याशी बोल. दोन दिवस पुष्कळ झाले.

विनिता

—

पूर्णा
३१ जानेवारी २०२६

विनिता,

शाळेला काही सांगितलं असशील तर आत्ताच्या आत्ता जाऊन न्हाय म्हणून सांग. आधी हे कर, मग पुढचं वाच.

तुझं पत्र मी तुझ्या बापसाला वाचून दाखवलं. तू सांगितलं नव्हतंस, पण मी तरी कुठे तुझं सगळं ऐकते? ‘भातात पुरून टाकलं’ इथपर्यंत आले आणि त्यानं चष्मा काढला. बोलला, परत वाच. मी परत वाचलं.

मग दुसऱ्या दिवशी दिपालीला बसवून त्यानं चार ओळी सांगितल्या. त्यात लिहिलं की भात थोडा कमी पिकला. दिपालीनं त्या तुझ्या मनिषाताईंना पाठवल्या, त्यांनी परत पाठवल्या. मग लिहिलं की पैसे भावेशनं दिले. त्याही परत आल्या. बाई भारी चिवट हाय, मला आवडली. तिसऱ्यांदा बापूस चिडला, आता मी काहीच लिहीत न्हाय बोलला आणि दाराकडे निघाला.

मी ओसरीवर मच्छी साफ करत होते. मला ते सहन झालं न्हाय. मी त्याला बोलले, “चांगदेव, नवरा गेला तेव्हापासून तीस वर्षं मी तुझ्या घरात जेवते. तू कधी मला त्याची लाज वाटू दिली न्हायस. मग लेकीचं खाताना तुला कसली लाज वाटते?”

तो थांबला. तुझी आई आतून पेन घेऊन आली. मग त्यानं दिपालीच्या हातातून वही घेतली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. त्याचं अक्षर आता वाकडं पडतं, पण वाचता येतं. मी पाठ केलंय, तसंच लिहिते:

“या जमिनीत माझ्या मुलीच्या नावाचा भात कधी पिकला नाही. भात मी सांगितला, तिला माहीत नव्हते. माझे ऑपरेशन आणि घर माझी मुलगी विनिता हिच्या पगारातून झाले. ती परदेशात शाळेत शिकवते.”

मनिषाताईंनी या वेळी परत पाठवलं न्हाय. 

त्या रात्री आम्ही सगळे पोटभर जेवलो. मच्छी जरा खारट झाली होती, पण कुणी नाव ठेवलं न्हाय.

आक्का

—

खोन केन
२४ फेब्रुवारी २०२६

आक्का,

बंद झालं. काल मनिषाताईंचा फोन आला. विनिता चांगदेव ही परदेशात राहून नोकरी करणारी आहे, हे इन्कम टॅक्सवाल्यांनी मान्य केलंय, पगारावर काही टॅक्स नाही, दंडही नाही. रिटर्न यापुढे नीट भरा अशी एक ओळ आहे, ती वाचून आपण कानाला खडा लावायचा. व्याजाचं थोडं भरलं. खातं परदेशात राहणाऱ्यांचं करून घ्यायचंय, ते मी मार्चमध्ये आले की बँकेत जाऊन करीन. आणि ते जुनं सिम आता माझ्याकडे दे म्हणून भावेशला सांग.

मी शाळेला सांगितलंच नव्हतं. सोमवारी ऑफिसच्या दारापर्यंत गेले होते, आत मुख्याध्यापिका नव्हत्या. दुसऱ्या दिवशी धीर झाला नाही. त्या न झालेल्या धीराचे उपकार.

आज सकाळी सही केली. दोन वर्षं. सही करताना हात हलका होता, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा. बाहेर आले आणि कँटीनमध्ये बसून दोन प्लेट भात खाल्ला. जानेवारीपासून भाताकडे बघवत नव्हतं मला.

बाबांनी लिहिलेला कागद मनिषाताईंनी मला पाठवलाय. मी रोज वाचते. हे त्यांना सांगू नकोस, लाजतील आणि परत टीव्हीकडे तोंड करतील. आणि तू भावाला जे बोललीस ना आक्का, त्यासाठी तुला काय द्यावं ते मला सुचत नाही. चौदा मार्चला पोचते. तेव्हा बघू.

विनिता

—

पूर्णा
२ मार्च २०२६

चि. विनितास अनेक आशीर्वाद.

पत्र मीच लिहितो आहे. आक्का म्हणते मी सांगावे आणि ती लिहील, पण ती मधेच आपलं घालते.

नोटीस बंद झाल्याचा कागद घेऊन मनोज आला होता. महादू त्याच वेळी घरी बसला होता. त्याने विचारले कसला कागद. मी त्याला सांगितले. ऑपरेशनचेही सांगितले. तो म्हणाला की त्याच्या नातीला इंग्रजी शिकायचे आहे, तू सुट्टीत आलीस की तिच्याशी बोलशील का. मी तुला न विचारता हो म्हणालो.

तुझे मी तीन वर्षे खाल्ले आणि तोंडाने कबूल केले नाही. हे मला टोचते आहे. समोर आलीस की मला बोलता येणार नाही, म्हणून लिहिले. यावर तू काही विचारू नकोस.

डॉक्टर रोज सकाळी चालायला सांगतात. माझी चप्पल झिजून पाय दुखतो. चालायचे बूट पाहिजेत, आठ नंबर, काळे. भावेश आणतो म्हणाला, मी नको म्हणालो. तू तिकडून आण. तुझ्या पगारातून.

बाबा